सांध्यावरची विभूती

अण्णा, तुम्हाला मातीत बसवून आज अकरा दिवस झाले, आणि कारखान्यात सगळे म्हणतात की तुम्हाला डुलकी लागली होती. बॉयलरमधलं पाणी खाली गेलं, पाणी दाखवणाऱ्या काचेकडे तुमचं लक्ष नव्हतं, म्हणून भट्टीची प्लेट फाटली आणि वाफ तुमच्या अंगावर आली. इन्स्पेक्टर साहेबांच्या कागदावरही हेच आहे, फक्त इंग्रजीत. शेठ म्हणतात, म्हातारा माणूस, जेवणानंतरची वेळ, होतं असं कधी कधी. ते हे कीव करून म्हणतात आणि ती कीव माझ्या घशाखाली उतरत नाही. तुम्ही झोपला नव्हता. काचेतलं पाणी तुम्हाला खोटं दाखवत होतं, आणि ते खोटं माझ्यामुळे होतं. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

तुम्हाला वाचता येत नव्हतं, हे मला माहीत आहे. "तम्मा, आता मेल्यावर शाळंत घालतोस व्हय मला?" असं म्हणून तुम्ही पोट हलवत हसला असता. पण तोंडाने बोलायची सोय होती तेव्हा मी बोललो नाही. सात वर्षं आपण एका बॉयलरसमोर, एकाच तरटावर बसलो. सांगायला किती तरी दुपारी होत्या.

मी तुम्हाला अण्णा म्हणायचो. हा शब्द तुमच्या कानडीत, माझ्या घरच्या तेलुगूत आणि आपल्या दोघांच्या मराठीत एकच, म्हणून बरा पडला. तुम्ही मला तम्मा म्हणायचात, धाकटा भाऊ. पहिल्या दिवशी मात्र मी तुमचा धाकटा भाऊ वगैरे नव्हतो. मी सर्टिफिकेटवाला होतो. कायद्याने बॉयलरपाशी परीक्षा पास झालेला माणूस पाहिजे, आणि तुम्ही अक्कलकोटकडून आलेले, उभा जन्म आगवाला म्हणून कोळसा मारलेले, पण कागद नसलेले. म्हणून शेठनी विणकराच्या गल्लीतल्या या नरसय्याला तुमच्या डोक्यावर आणून बसवलं. मी सर्टिफिकेट चौकटीत घालून भिंतीला लावलं. तुम्ही खालून वरून बघितलंत आणि विचारलंत, "तम्मा, ह्यो कागद बॉयलरला दाखिवलास का? वळखतंय का त्ये तुला?"

मला राग आला होता. जेवायच्या वेळेपर्यंत टिकला. मग तुम्ही फडकं सोडलंत, कडक भाकरीचा अर्धा तुकडा मोडून त्यावर शेंगाची चटणी ठेवलीत आणि न विचारता माझ्या हातावर दिलीत. माझ्याकडचं तुम्ही कधी खाल्लं नाही, कारण आमच्या घरी मांस शिजतं आणि तुमच्या गळ्यात लिंग. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. तुम्ही देताना हात आखडला नाहीत, घेतलं नाहीत एवढंच. वहिनींच्या हातची ती भाकरी मी सात वर्षं खाल्ली. ती खाऊन तुमच्याशी काय केलं, तेच आता लिहितो.

आपला बॉयलर तुम्हाला माहीतच आहे, पण मला पहिल्यापासून सांगू द्या. आडवा, एका भट्टीचा, कुठल्या तरी सरकी काढायच्या कारखान्यातून जुना आणलेला. कवचाच्या आत भट्टीची जाड नळी, तिच्या पुढच्या टोकाला आपण कोळसा मारायचो, आणि नळीच्या भोवती पाणी. भट्टीच्या तोंडाशी नळी जिथे पुढच्या प्लेटला रिव्हेटने जोडली होती, तो सांधा गळायचा. दर सोमवारी सकाळी आग लावली की तिथून थेंब यायचे. तुम्ही छिन्नीने कडा ठोकून बसवायचात. दोन दिवस कोरडं राहायचं, पुन्हा ओलं. त्यात दुसरं दुखणं दाबाचं. चढलेला काटा अचानक उतरायचा, मग पलीकडे रंगाच्या टाक्या निवायच्या आणि इब्राहिम मास्तर तिथून ओरडत यायचे की सुताच्या लड्यांवर रंग नीट चढत नाही.

मी म्हणालो, विहिरीचं पाणी मचूळ आहे, नळीवर क्षारांची खपली बसली आहे, तिच्यामुळे प्लेट तापते आणि सांधा सुटतो. पुस्तकात तसं लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही कमरेच्या पिशवीतून विभूतीचा गोळा काढलात, सांध्यावर पुसून कोरडं केलंत आणि बोटांनी चांगले जाड पट्टे ओढलेत, जसे रोज कपाळावर ओढायचात तसेच. मी म्हटलं, अण्णा, आता पूजेने थांबणार का हे? तुम्ही म्हणालात, "पूजा कुटली? राख कोरडी हाय. जितं पैल्यांदा काळी पडंल तितं मूळ. देवाला चालतंय की."

आणि मग तुम्ही समोर पाट टाकून बसलात. एका दिवसात उत्तर मिळालं नाही. तुम्ही आठवडाभर रोज पट्टे ओढलेत आणि रोज बघितलंत. विभूती नेहमी एकाच जागी आधी काळी पडायची, वरच्या अंगाला, उजवीकडे. आणि पडायची तीही बॉयलरमध्ये पाणी भरायचा पंप सुरू केल्यावर थोड्याच वेळात. त्याच वेळी दाबाचा काटा उतरायचा. पंप बंद असला की सांधा आपोआप वाळायचा. हे मला दिसलं नव्हतं, कारण मी काटा बघायचो तेव्हा सांधा बघत नव्हतो.

"गार पानी," तुम्ही म्हणालात. "पंपाचं पानी ज्या पायपातनं आत जातंय, त्यो आत लांबवर गेला पायजे. म्हंजी पानी इकडं तिकडं मिसळतंय. त्यो पायप आत मोडलाय. गार पानी सरळ तापलेल्या नळीच्या डोस्क्यावर पडतंय. तापल्यालं लोखंड आकसतंय, सांधा तोंड उघडतोय. बघून यायला पायजे, पायपाचं तोंड हाय का न्हाय ते."

मी म्हणालो, खपली. तुम्ही म्हणालात, पाइप. हा आपला वाद दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत चालला. तुम्हाला आठवतं ना, इब्राहिम मास्तर चहा प्यायला आले की विचारायचे, "क्या मियाँ, आज कौन जीता?" वादात मजाही होती. मला वाटायचं माझ्याकडे पुस्तक आहे, आणि तुमच्याकडे काय, तर राख.

संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेला कारखाना बंद राहिला. बॉयलर निवला, पाणी सोडलं, वरचं झाकण काढलं. आत जायचं भोक मागच्या बाजूला, आणि पाइपाचं तोंड थेट पुढच्या टोकाला. तुमचा गुडघा धड वाकत नव्हता. आत मीच जाणार हे ठरलेलं होतं. तुम्ही भोकापाशी वर बसलात, हातात दिवा दिलात आणि म्हणालात, "खपली खरवड तुजी. पर पायपाचं तोंड बघून ये."

अण्णा, मी आत गेलो. नळीची पाठ आणि वरचं कवच यांच्यामध्ये माणूस पोटावर सरकतो एवढीच जागा. लोखंड अजून कोमट होतं. मी एक-दोन हात पुढे सरकलो आणि माझी छाती अडकली. श्वास आत घेतला की पाठ कवचाला लागायची, सोडला की पुढे जाववत नव्हतं. मला वाटलं आता कोणी तरी वरून झाकण घालणार. तुम्ही तिथे बसला होतात, तरी वाटलं. मी दिवा जागच्या जागी धरला, हात पोचेल तेवढी खपली खरवडली, खूप आवाज केला. तुमचा आवाज आला, "तम्मा, दिसलं का तोंड?"

मी म्हटलं, "दिसलं, अण्णा. ठीक आहे."

बाहेर आलो तेव्हा घामाने भिजलो होतो. तुम्ही माझ्याकडे जरा वेळ बघितलंत. मग म्हणालात, "पानी पी." एवढंच. मी भ्यालो होतो, आणि सर्टिफिकेट भिंतीला लावणाऱ्या माणसाला भ्यालो म्हणता येत नव्हतं.

आठ दिवसांत सांधा पुन्हा गळायला लागला. शेठ येऊन गेले आणि तुमच्या समोरच म्हणाले की म्हाताऱ्याच्या हातात आता ठोक राहिली नाही, दुसरा फिटर बघावा लागेल. तुम्ही मान खाली घालून छिन्नी पुसत होतात. ते बघून मला भडभडून आलं. पण खरं सांगतो, त्याच वेळी भीतीही वाटली. दुसरा फिटर आला तर तो बॉयलर उघडेल, आत जाईल आणि पाइप बघेल. तुमची जागा वाचावी म्हणून मी पुढचं केलं असं मी स्वतःला सांगितलं. माझी अब्रू वाचावी हे त्यात किती होतं, ते आता वेगळं काढता येत नाही.

आमच्या गल्लीत सकाळी मागाच्या उभ्या धाग्यांचे ताणे पसरलेले असतात. सुताचे धागे झिरझिरीत झाले, तुटायला लागले की आई म्हणते, खळ दे. ज्वारीच्या पिठात चिंचोके घालून शिजवलेली घट्ट खळ ब्रशने ताण्यावर फिरवली की धाग्याधाग्यातली फट बुजते. मी जन्मल्यापासून बघत आलो आहे. आमच्या घरात फाटकी वही खळीने चिकटवतात, गळका माठ खळीने लिंपतात. मला वाटलं, लोखंडाची फटही फटच. त्या आठवड्याच्या सुटीच्या दिवशी तुम्ही नव्हतात, मी घरून बादलीभर पातळ खळ आणली आणि पंपाच्या टाकीत ओतली.

चौथ्या दिवशी गळती थांबली. तुम्ही आदल्या आठवड्यात कडा ठोकल्या होत्या, तेव्हा तुम्हाला वाटलं ती ठोक बसली. तुम्ही गूळ-शेंगा आणून सगळ्यांना वाटल्यात. शेठना मुद्दाम बोलावून सांधा दाखवलात. आणि मग माझ्या शेजारी बसून, अगदी मोकळ्या मनाने म्हणालात, "मंजी माजंच चुकलं की रं तम्मा. पायपाचं न्हवतंच काय. तू बरोबर हुतास."

तुम्ही एवढं सहज म्हणालात! वादात हरणं तुम्हाला कधी जड गेलं नाही. मी काय केलं? मी हसलो. म्हणालो, चालायचंच अण्णा. तुमच्या हातातल्या शेंगा घेतल्या आणि खाल्ल्या. त्यानंतर दर सुटीच्या दिवशी मी बादली आणत राहिलो.

आठवड्याभरात तुमचं नाक बोलायला लागलं. "वाफंला शिळ्या पेजंचा वास येतोय रं." मी म्हटलं, शेजारच्या गल्लीत ताणे लागलेत, तिकडचा येत असेल. मग एक दिवस तुम्ही काचेपुढे उभे होतात. बॉयलरमध्ये पाणी किती आहे हे दाखवणारी ती उभी काच, दोन बाजूंना दोन तोट्या. पाणी हललं की तिच्यातलंही हलतं. तुम्ही म्हणालात, "काचंतलं पानी आळशी झालंय. आदी नाचत हुतं." मी म्हटलं, दाब स्थिर आहे म्हणून. तुम्ही मान हलवलीत, पण त्या दिवसापासून दोनदाऐवजी तीनदा तोट्या उघडून काच धुवायला लागलात. सकाळी, अकराला आणि दुपारी जेवण झाल्यावर लगेच. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. ज्या माणसाला डुलकी लागली असं म्हणतात, तो दिवसातून तीनदा काच धूत होता आणि त्याच्याशेजारी एक सर्टिफिकेटवाला गप्प बसला होता.

त्या दुपारी तुम्ही भाकरी खाऊन उठलात, काच धुतलीत. मला इब्राहिम मास्तरांनी बोलावलं म्हणून मी रंगाच्या टाक्यांकडे गेलो. मास्तरांच्या हातात लाल रंगवलेली लडी होती आणि तिच्यावर चट्टे. ते म्हणाले, "देखो नरसू, तुम्हारी वाफ में पानी आरा. सूत पे गोंद सरीका कुछ बैठ रा. क्या डाले हौ बाइलर में?" मी तोंड उघडलं आणि काय बोलणार होतो ते मला आजही माहीत नाही. कारण तेवढ्यात तो आवाज झाला.

तो आवाज मी लिहिणार नाही. धावत आलो तेव्हा सगळं पांढरं होतं, काही दिसत नव्हतं, आणि त्या पांढऱ्यातून तुमचा आवाज येत होता, कानडीत. तुम्ही कधी माझ्याशी कानडी बोलला नव्हतात, मला कळत नाही म्हणून. भट्टीचं दार उलटं पडलं होतं. निखारे आणि गरम पाणी सगळ्या फरशीभर पसरलं होतं, आणि तुम्ही भिंतीपर्यंत सरकत आला होतात. तुमच्या हातात फावडं तसंच होतं. मास्तरांनी आणि मी तुम्हाला टांग्यात घातलं. तुमच्या दंडाला धरलं तर कातडं माझ्या हातात आलं, अण्णा.

सरकारी दवाखान्यात तुम्ही दोन दिवस काढलेत. पहिला दिवस तुम्ही कण्हत होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी शुद्ध आली. वहिनी पाणी आणायला बाहेर गेल्या होत्या. डोळे आणि ओठ सोडून तुमचं सगळं तोंड पट्टीत होतं. तुम्ही मला जवळ बोलावलंत. अगदी कान लावावा लागला.

"तम्मा. पायपाचं तोंड. बघितलं हुतंस न्हवं?"

आणि मी म्हटलं, "होय अण्णा. बघितलं होतं. ठीक होतं."

तुम्ही माझ्याकडे बराच वेळ बघत राहिलात. मग म्हणालात, "बरं." आणि डोळे मिटून घेतलेत. संध्याकाळी गेलात. मी इतके दिवस असं समजत होतो की तुम्ही आपलं चुकलं असं मानून गेलात. तुमचं बरोबर होतं आणि तुम्ही ते न कळता गेलात. एवढ्या एका गोष्टीने मला अन्न गोड लागत नव्हतं.

तुम्हाला बसवलं त्या खड्ड्यापाशी मी उभा होतो. विधी करायला जंगम आले, कपाळावर विभूती लावायला गेले तर कपाळावर पट्टी. त्यांनी पट्टीवरच तीन बोटं ओढली. लिंग डाव्या तळहातावर ठेवायचं, तर तळहातही बांधलेला. ते लिंग पट्टीवर नीट बसेना, घसरत होतं. वहिनी पुढे झाल्या, तुमची बोटं त्यावर मिटवून धरली आणि माती पडेपर्यंत सोडली नाहीत.

चौथ्या दिवशी इन्स्पेक्टर साहेबांनी बॉयलर उघडला. भट्टीची नळी वरून खाली बसली होती आणि त्याच सांध्यापाशी, वरच्या अंगाला, उजवीकडे फाटली होती. मी दिवा धरला होता. त्या फटीतून आत बघितलं. पाइप तुटलेला होता, अण्णा. मुळाशीच तुटलेला, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. म्हणजे जुनं मोडणं, किती तरी महिन्यांचं, गड्ड्याच्याही आधीचं. मी पुढे सरकलो असतो तर दिव्याचा उजेड त्याच्यावरच पडला असता. मग साहेबांनी काचेच्या खालच्या तोटीत तार घातली. तार मोठ्या मुश्किलीने गेली आणि बाहेर आली तेव्हा तिला तपकिरी, चिकट लगदा लागला होता. म्हणजे कितीही धुतली तरी, आतलं पाणी उतरलं तेव्हा काचेतलं जागच्या जागीच राहिलं होतं. पाणी उतरलं की वितळून इशारा देणारी शिशाची खुंटी असते, तिच्यावरही तोच थर बसला होता. साहेबांनी मजकूर सांगितला, कारकुनाने लिहिला, की घाण साचू दिली, काच धुतली नाही, आगवाल्याचा निष्काळजीपणा.

मग त्यांना फाटलेल्या सांध्याशेजारी पांढरे पट्टे दिसले. एवढ्या वाफेतही ते तिथे राहिले होते, थरावर थर बसून घट्ट झालेले. साहेबांनी बोटाने घासून बघितलं. म्हणाले, "ये क्या है? पूजा?"

मी म्हटलं, "होय साहेब. पूजा."

पुढचे दिवस मी कामावर जाऊन नुसता बसून यायचो. शेठनी नवा बॉयलर बघायला माणूस पाठवला. तुमच्या जागी अजून कोणी आलेलं नाही. परवा कोणी तरी म्हणालं की म्हातारा घेत असेल थोडी, म्हणूनच झोपला. तुम्ही! ज्याने कधी चहासुद्धा दुसऱ्याच्या कपातून घेतला नाही. तेव्हा मात्र मी उठलो आणि काल सकाळी तुमच्या घरी गेलो.

वहिनी उंबऱ्यात बसून ज्वारी पाखडत होत्या. मला बघून सूप खाली ठेवलं. मी बसलो नाही, उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आत अडकलो ते, खोटं बोललो ते, खळ, काच, दवाखान्यातला प्रश्न. माझं संपल्यावर त्यांनी सुपातले खडे वेचले. मग म्हणाल्या,

"दिवा फुडं गेला न्हवता, हे ठावं हुतं त्यास्नी."

मला कळलंच नाही काय म्हणतात ते.

"गड्ड्याच्या दिशी घरी आलं, आन् पाय धुताना बोललं. म्हनलं, तम्मा आत गेला, पर दिव्याचा उजेड मागंच ऱ्हायला. फुडं गेलाच न्हाय. म्या वरनं बघत हुतो. मी म्हनलं, मंग इचारलं न्हाई व्हय? तर म्हनलं, भ्यालं असंल लेकरू. मी बी पैल्या खेपंला लई भ्यालो हुतो. चारचौघांत कशाला त्येचं तोंड काळं करायचं. दसऱ्याला बॉयलर उघडला की मीच जाईन, गुडघ्याचं काय हुईल ते हुईल."

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आणि ते नव्हतं म्हणून मला त्यांच्याकडे बघवेना.

"नंतर गळायचं थांबलं, तवा हसत म्हनलं, बरं झालं, माजंच चुकलं हुतं, लेकराचं खोटं बी खरं निघालं." त्यांनी सूप उचललं. "दवाखान्यात तुला इचारलं म्हनतोस. तुला बोलाया जागा दिली त्यांनी. मराया टेकल्या मानसानं."

मी त्यांच्या पायाशी वाकलो तर त्यांनी पाय मागे घेतले. "हितं रडू नगंस. माज्याकडं काय हाय? जितं लिवलंय तितं जाऊन सांग."

आज सकाळी मी गेलो, अण्णा. साहेबांच्या समोर उभं राहून सगळं सांगितलं. बादली किती वेळा आणली तेही सांगितलं. कारकून लिहीत होता आणि मधून मधून माझ्याकडे बघत होता. साहेबांनी विचारलं, हे त्याच दिवशी का नाही सांगितलं? मी म्हटलं, भ्यालो. हा शब्द एवढा सोपा आहे हे मला माहीत नव्हतं. जानेवारीत तो तुमच्यापाशी बोललो असतो तर तुम्ही 'पानी पी' म्हणून दुसऱ्या कोणाला तरी आत पाठवलं असतंत.

मी साहेबांना पांढऱ्या पट्ट्यांचंही सांगितलं. ती पूजा नव्हती. एका न शिकलेल्या माणसाने रोज राख ओढून, रोज बघून, गळती कुठून येते हे शोधून काढलं होतं, आणि ते बरोबर होतं. साहेबांनी कारकुनाचा कागद पुढे ओढला. मग म्हणाले, कागद वर पाठवावा लागेल, बदल होईल की नाही सांगता येत नाही. सर्टिफिकेट मात्र त्यांनी मागितलं. मी चौकटीसकट घेऊन गेलो होतो, टेबलावर ठेवलं. पुढे माझं काय होईल ते होईल. शेठनी मला कामावर येऊ नकोस म्हणून निरोप पाठवला आहे. इब्राहिम मास्तर निरोप घेऊन आले होते, जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

परत येताना मी कारखान्यात शिरलो. रखवालदाराने अडवलं नाही. थंड भट्टीपुढे तुमचा पाट तसाच होता. मी त्यावर बसलो आणि वरच्या अंगाला, उजवीकडे बघत राहिलो, तुम्ही बसायचात तसा. अण्णा, तुम्ही मला दवाखान्यात जे विचारलंत, त्याचं उत्तर मला द्यायचं आहे. आता त्याचा काही उपयोग नाही, तरी तुम्ही विचारलं होतंत आणि वाट बघत होतात.

नाही, अण्णा. बघितलं नव्हतं.